आधी काय हवं ते सांगा

वृद्धाश्रमातल्या सिस्टरला डॉक्टरांना फोन करायचा म्हटलं की अगदी नको व्हायचं. आठवड्यातून दोनदा ते येत, भराभर सगळ्यांना तपासून जात. एरवी त्यांचा दवाखाना, तिथली गर्दी आणि फोनवरचं ते घाईचं "बोला!"

त्या सकाळी गाणेबाईंनी चहाला नावं ठेवली नाहीत. एकेकाळी शाळेत गाणं शिकवणाऱ्या या बाई रोज चहावरून स्वयंपाकघर डोक्यावर घ्यायच्या. आज मात्र कप धरून नुसत्याच बसल्या होत्या, आणि सिस्टरला "ताई, आई आली का गं?" म्हणाल्या. सिस्टरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"सॉरी डॉक्टर, कामात असाल," तिने फोनवर सुरुवात केली. "तशा गाणेबाई ठीक आहेत. काळजीचं काही नाही, पण जरा गप्पगप्प..."

"ताप आहे?"

"नाही, पण..."

"मग लक्ष ठेवा." फोन बंद.

संध्याकाळी बाईंना हॉस्पिटलात हलवावं लागलं. लघवीतला संसर्ग रक्तात पसरला होता. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी ताप येतच नाही, आधी भ्रमच होतो, हे सिस्टरलाही ठाऊक होतं आणि डॉक्टरांनाही. बाईंच्या मुलीने दोघांकडे आळीपाळीने बघत विचारलं, "सकाळपासून कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

बाई वाचल्या. त्या परत आल्या त्या दिवशी डॉक्टर औषधांच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटलं.

"सिस्टरनी मला सांगितलंच नाही, असं मी म्हणत फिरलो," ते म्हणाले.

"आणि मी तर सांगितलं होतं, असं मी म्हणत फिरले."

"मग खरं कोण?"

"दोघंही. मीच म्हणाले ना, काळजीचं काही नाही म्हणून."

"का पण?"

सिस्टरने मनाचा हिय्या केला. "मागे तुम्ही म्हणाला होतात, 'एवढ्याशासाठी फोन?' तेव्हापासून मी आधी माफी मागते, मग मुद्द्यावर येते. तोवर तुम्ही फोन ठेवलेला असतो."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "म्हणालो असेन. समोर पेशंट बसलेला असला की माझे निम्मे कान तिकडे असतात. असं करू. मी यावं की नुसतं औषध सांगावं, ते आधीच सांगून टाका. मग काय दिसतंय ते. माफीबिफी नको."

"आणि फोन ठेवायच्या आधी तुम्ही एकदा विचारा, मला काय वाटतं ते."

"विचारेन."

पुढच्या आठवड्यात घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा उजवा पाय ओढत चालताना दिसले. सिस्टरचा हात फोनवर घुटमळला, पण तिने लावला.

"डॉक्टर, तुम्ही यावं. घड्याळवाले आजोबा आज पाय ओढतायत. बोलणं आणि हाताची पकड नीट आहे, पण हे नवीन आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"झटका तर नसेल ना, अशी धास्ती वाटते."

"निघालो."

डॉक्टरांनी आजोबांना नखशिखांत तपासलं. मग खाली वाकून त्यांची चप्पल काढली, उलटी केली आणि हसू दाबत सिस्टरपुढे धरली. नवी कोरी जोडी, पण उजवी चप्पल डावीपेक्षा दोन नंबर मोठी.

"पोराने एवढ्या हौसेने आणली," आजोबा ओशाळून म्हणाले. "त्याला सांगू कसं?"

सिस्टर लाजेने लालेलाल झाली. "सॉरी, भरल्या दवाखान्यातून तुम्हाला उठवलं..."

"माफी नको म्हटलं होतं ना? चप्पलच निघाली हे नशीब. पुढच्या वेळीही अस्साच फोन करा." ते जायला निघाले नाहीत, खुर्ची ओढून बसले. "आलोच आहे तर सांगा, आणखी कुणाची काळजी वाटते?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"गाणेबाईंच्या मुलीची," ती म्हणाली. "रोज येते, आईच्या उशाशी बसून राहते. आमच्यापैकी कुणावर तिचा विश्वास उरलेला नाही."

"आत्ता आहे ती इथे?"

"आहे."

"चला मग," डॉक्टर उठले. "दोघं मिळून बोलू तिच्याशी. सुरुवात तुम्ही करा, नाहीतर मी घाई करेन."