उतारावर मास्तर गप्प बसले

सुनेच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलं की मास्तरांचा जीव मुठीत असायचा. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. सगळी हयात शिलाई मशीनवर गेली, आणि गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. पण घरात बसून भिंतींशी किती बोलणार? सून जनावरांची डॉक्टर. तिचा दवाखाना खाली गावात आणि निम्मे पेशंट वर डोंगरावरच्या वस्त्यांवर. ती गाडीची किल्ली उचलायची आणि मास्तर शेजारी हजर. गाईची मान धरणं, सलाइनची बाटली उलटी धरणं, घाबरलेल्या मालकाला गप्पांत गुंतवणं, ही कामं त्यांना झकास जमायची. मुलगा त्यांना चेष्टेनं 'बिनपगारी कंपाउंडर' म्हणायचा.

अडचण एकच होती. रस्ता वळणावळणाचा आणि सून घाईची. वळण आलं की मास्तर ओरडायचे, "अगं, हळू!" समोर ट्रक दिसला की, "ट्रक! ट्रक!" कोंबडी आडवी आली तर नुसतंच, "आई गं!" ते ओरडले की सून ब्रेक दाबायची, गाडी गचकन अडायची आणि पट्टा मास्तरांच्या छातीत रुतायचा. मग उरलेला उतार ती भीतीनं ब्रेकवर पाय ठेवूनच उतरायची. खाली पोचेपर्यंत गाडीत जळका वास सुटलेला असायचा.

एका सकाळी चाकांतून कर्कश किंचाळी येऊ लागली, तशी सुनेनं गाडी मास्तरांसकट गॅरेजमध्ये नेली. गॅरेज तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं. बाई हाताला जितकी चलाख, तितकीच जिभेला. चाक काढून तिनं आतले ब्रेक पॅड बाहेर ओढले आणि सुनेच्या नाकासमोर धरले.

"हे बघ. नखाएवढंसुद्धा उरलेलं नाही. डिस्कवर चरे पडलेत ते वेगळेच. आत्ता आत्ता तर बदलले होते! गाडी चालवतेस की तिला लाथा मारतेस?"

"उतारच तसा आहे," सून पुटपुटली.

"उताराला कशाला दोष? उतार लागायच्या आत खालचा गिअर टाकावा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं. वळण दिसलं की लांबूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा. ब्रेक लागेल तेवढाच, मऊ हातानं. म्हणजे, पायानं. आणि ब्रेक ऑइल बघ, काळंकुट्ट झालंय. तेही बदलते." बोलता बोलता तिनं डिकी उघडली आणि कपाळावर हात मारला. "हे काय?"

डिकीत चाऱ्याची पोती होती, साखळदंड होते आणि सगळ्यांच्या खाली मास्तरांचं जुनं लोखंडी शिलाई मशीन होतं.

मास्तर छताकडे बघू लागले. मशीन दुरुस्तीला न्यायचं म्हणून त्यांनीच ते गाडीत टाकलं होतं, आणि दुरुस्तीवाला 'हे आता भंगारात द्या' म्हणेल या धास्तीनं ते तिथून काढवत नव्हतं.

"एवढं ओझं थांबवायचं तर ब्रेक झिजणारच," मैत्रीण म्हणाली. "आणि बाबा, एक विचारू? तुम्ही गाडीत ओरडता का हो?"

"छे! कधी तरी, अगदी हळू."

सुनेला हसू आवरेना. "बाबा, त्या दिवशी तुम्ही ओरडलात तेव्हा रस्त्यावरची म्हैस दचकली होती."

"मग निम्मे पॅड तुम्हीच खाल्लेत," मैत्रिणीनं निकाल देऊन टाकला.

मास्तर हिरमुसले, पण बात खरी होती. धावत्या मशीनचं चाक कुणी दचकून हातानं धरलं तर दोरा तटकन तुटतो, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. शिवण संपायच्या जरा आधीच पाय हलका करायचा असतो. आपण मात्र पोरीला रोज दचकवत होतो. त्यांनी मशीन घरी उतरवलं, खिडकीशी मांडलं आणि मनाशी ठरवलं, आता तोंड उघडायचं नाही.

परीक्षा लवकरच आली. डोंगरावरच्या एका आजींची शेळी अडली होती. पहाटेपासून कळा चालू, पण पिशवीचं तोंड उघडेना. सुनेनं तपासलं, इंजेक्शन दिलं, वाट पाहिली आणि मान हलवली.

"दवाखान्यात न्यावं लागेल. कदाचित पोट उघडावं लागेल. आजी, तुम्ही पुढे बसा. बाबा, तुम्ही मागे, तिचं डोकं मांडीवर घ्या. हिला धक्का बसता कामा नये."

गाडी उताराला लागली. सुनेनं दुसरा गिअर टाकला, इंजिन घुरघुरलं आणि गाडी कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी सावकाश उतरू लागली. पहिलं वळण आलं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुढे लाकडं भरलेला ट्रक आला. "ट्र" एवढं ओठांपर्यंत आलं होतं, पण त्यांनी मफलरचं टोक दातांत धरलं. सुनेनं लांबूनच पाय उचलला होता. ट्रक पुढे, आपण बरंच मागे, मध्ये मोकळा रस्ता. शेळीचं डोकं मांडीवरून तसूभर हललं नाही. वळणामागून वळणं गेली. मास्तरांच्या लक्षात आलं, आपण चक्क दरीतली झाडं बघतोय! इतक्या फेऱ्या मारल्या, पण दरीत झाडं आहेत हे त्यांना आजच कळत होतं.

आणि अचानक शेळीनं अंग ताठ केलं, पाय झाडले आणि एक लांब हाक दिली.

"सूनबाई," मास्तर अगदी शांत आवाजात म्हणाले, "घाई नाही, पण इकडे कुणीतरी जगात येतंय."

सुनेनं आरशात पाहिलं. पुढे रस्ता रुंद होता. तिथे तिनं गाडी अलगद कडेला घेतली, इतकी अलगद की थांबल्याचं आजींना कळलंच नाही. ती धावत मागे आली. इंजेक्शननं काम केलं होतं, वाट मोकळी झाली होती. पहिलं पिल्लू मास्तरांनी स्वतः शिवलेल्या कोटावर घसरत आलं, काळंभोर, ओलंचिंब. त्याच्यामागून दुसरं आलं. दोनच आहेत असं वाटलं, तोवर तिसरं आलं आणि आल्या आल्या शिंकलं.

"कोट गेला की हो तुमचा!" आजी हसता हसता डोळे पुसत होत्या.

"जाऊ दे गेला तर! दुसरा शिवेन," मास्तर म्हणाले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्या सर्व्हिसिंगला मैत्रिणीनं चाक काढलं, पॅडवर बोट फिरवलं आणि संशयानं सुनेकडे पाहिलं. "खरं सांग, दुसरीकडून बदलून घेतलेस ना?"

"तुझी शपथ! तू बसवलेस तेच आहेत."

"मग अजून खूप चालतील." तिनं ते फडक्यानं पुसून परत बसवले आणि तिघांसाठी चहा मागवला.

चहा पिता पिता मास्तरांनी तिला त्या दिवसाची गोष्ट सांगितली. गॅरेजमधली माणसं हातातलं काम टाकून भोवती जमली. या खेपेला पिल्लं पाच झाली, आणि ट्रक अगदी चाटून गेला. सून शेजारी बसून ऐकत होती. तिनं एकही आकडा दुरुस्त केला नाही, उलट ट्रक आला तेव्हा सगळ्यांबरोबर तीही "अरे बापरे!" म्हणाली.