जेवणाऱ्यांच्या गटातले सर

विश्वंभर सर रागावले की हसत आणि मंजुषा रागावली की स्वयंपाकाला लागे. त्या दिवशी औंढ्याजवळच्या गावात दम्याच्या रुग्ण सुमनबाईंच्या घरी तिनं सकाळपासून अख्ख्या पंगतीची वांगी चिरली, यावरून काय ते समजा.

दम्याचा नवा पंप जुन्या गोळ्यांपेक्षा सरस आहे का आणि सरकारनं त्यावर पैसा घालावा का, हे सरांच्या चाचणीतून ठरायचं होतं. चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांना पंप, निम्म्यांना गोळ्या. सुमनबाईंच्या भागाला पंपाची चिठ्ठी निघाली. पंप मात्र गोदामातून निघालेच नाहीत. माणसं पहिल्यासारखीच धापा टाकत राहिली. आकडेमोड सरांच्या हाताखालच्या मंजुषानं केली, निष्कर्ष सरांनी लिहिला : पंपाचा फायदा दिसत नाही, खरेदी करू नये.

"सर, पंप कुणी ओढलाच नाही, तर फायदा दिसणार कसा?"

"चिठ्ठीनं ज्या गटात टाकलं, त्याच गटात मोजायचं. नियम आहे."

"नियम मान्य. पण पंप पोचले नाहीत, एवढं तरी लिहू."

"त्यानं अहवाल घाण दिसतो," सर म्हणाले. अहवाल उद्या मुंबईला सरकारकडे जायचा होता. आज सर रुग्णांचे आभार मानायला गावात आले होते.

पंगत बसली. मंजुषानं सरांच्या हातात चिठ्ठी दिली : 'जेवणारे'. सरांनी खुशीत मांडी घातली. मग तिनं सगळ्यांना भाकरी, वांगं, ठेचा वाढला आणि सरांचं रिकामं ताट पुसून तसंच ठेवलं.

दाराशी धापा टाकत बसलेल्या सुमनबाई म्हणाल्या, "काहून माय, सायबाला वाढून न्हाई राहिली?"

"चिठ्ठी निघालीय त्यांची, मावशी. बराबर जेवणाऱ्यांत आहेत."

सर हसले. लोकांनी दुसऱ्यांदा वांगं घेतलं. सर अजून हसले. ताक आलं तेव्हा मंजुषा त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"जेवणानंतर भूक कशी आहे, सर?"

"मरायला टेकलोय."

"म्हणजे जेवल्यानं भूक जात नाही. मग चुलीवर खर्च कशाला? उद्यापासून गावातल्या चुली बंद करू."

"अगं, मला वाढलंच नाहीस तू."

"तसं लिहिलं तर अहवाल घाण दिसतो."

सुमनबाईंचे मालक तातेराव यांचा घास गालातच राहिला. सर आता हसत नव्हते.

"लिही," ते म्हणाले. "पहिल्याच पानावर लिही."

तिनं तिथंच लॅपटॉप उघडला, लिहिलं, त्यांना वाचायला लावलं, पाठवलं आणि मगच भाकरी वाढली. सरांनी चार खाल्ल्या. वांग्यात मीठ जास्त झालंय म्हणाले.

"मंग पंप येईन का आता?" सुमनबाईंनी विचारलं.

"मुंबईवाले आता फेरचाचणी घ्यायला लावतील, मावशी. मग खरेदी. वर्ष तरी जाईल."

सुमनबाईंनी दम येईतो थांबून सरांच्या ताटाकडे पाहिलं.

"म्हंजे आमी आजून जेवणाऱ्यांतच हाव."

पंगत कधीच उठली होती, लोक अंगणात ढेकरा देत होते. मंजुषानं विळी ओढली आणि उरलेली वांगी चिरायला घेतली.