काठावरची तेविसावी तार

बाळंतपणाच्या रजेवरून परतले त्याला तीनच आठवडे झाले होते. नव्या फोनच्या स्क्रीनला ग्राहक कंपनीच्या मीटिंगमध्ये मंजुरी मिळाली तर टच सेन्सरचं डिझाइन माझ्याकडे राहणार होतं. नाही मिळाली तर काम दुसऱ्या टीमला, आणि मी वापराच्या सूचनांची पुस्तकं लिहीत बसणार. 'ओल्या हातांनी स्पर्श करू नये' वगैरे.

काम सांगायला सोपं आहे. बोट टेकल्याचं कळावं म्हणून काचेखाली डोळ्यांना न दिसणारी जाळी असते. जाळीच्या प्रत्येक ओळीतून एक तार निघते आणि स्क्रीनच्या कडेकडेने खाली जाते. पूर्वी कड चांगली बोटभर असायची, तारा ऐसपैस जायच्या. आता लोकांना कड नकोशी झालीये, तारा मात्र तितक्याच. दोन मिलिमीटरमध्ये बावीस तारा, म्हणजे एका सोफ्यावर बावीस पाहुणे बसवायचे आणि कोणाचा कोणाला धक्का लागू द्यायचा नाही.

आमच्या साहेबांना पाठीमागे सगळे 'अर्धा मिलिमीटर' म्हणतात. कुठलंही डिझाइन दाखवा, भिंगातून बघून म्हणणार, "अजून अर्धा मिलिमीटर निघेल."

माझ्या डिझाइनमध्ये बावीस तारांच्या बाहेर, अगदी काठावर, तेविसावी तार होती. त्यांनी भिंग नेमकं तिच्यावर थांबवलं.

"ही काय काम करते?"

"तशी काही नाही, सर. अर्थिंगला जोडलीये. फोन धरणाऱ्याचा अंगठा आतल्या तारांना बाधू नये म्हणून नुसती काठावर असते."

"म्हणजे काम करत नाही."

"नाही, पण..."

"मग जागा कशाला अडवते? काढा."

काढली. टेस्टिंग मशीन म्हणालं, पास. पण मशीन स्क्रीनला प्लास्टिकच्या चिमट्यात धरतं आणि धातूच्या एका बोटाने टकटक करतं. माणूस असा धरतो का? माझी आठ महिन्यांची मुलगी ताट असो की पुस्तक, आधी काठच पकडते, तोही लाळेच्या हाताने. साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आपलं गिऱ्हाईक आठ महिन्यांचं नाहीये."

स्वभावाला औषध नाही. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावणारी बाई मी. तेविसाव्या तारेचाही एक नमुना गुपचूप करून घेतला आणि पिशवीत ठेवला.

मीटिंग अकराला होती. पावणेअकराला घरी फोन लावला.

"आई, काय करताय?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "ही पलंगावर लोळतेय, मी काठावर बसलेय."

"उठू नका हं."

"सकाळपासून पाचवा फोन तुझा. उठले तर तो घ्यायलाच उठेन."

ग्राहक कंपनीच्या बाई आल्या त्या हात धुऊन, आणि हात नीट न पुसता. नमुना दोन्ही हातांत धरला. स्क्रीनवर टाइप करायची पाटी उघडी होती. बाईंनी बोट उचललंही नव्हतं तोवर त्यावर उमटलं, ळळळळळ.

"मी काही केलं नाही," बाई म्हणाल्या.

"सुरुवातीला होतं असं," म्हणत साहेबांनी तो आपल्या हातात घेतला. झझझझ. त्यांनी घाईघाईने टेबलावर ठेवला, तर गप्प. "बघा, टेबलावर उत्तम चालतो."

"फोन आहे ना हा? मग मी टेबल कानाला लावू का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला सूचनांची पुस्तकं दिसायला लागली, अगदी मुखपृष्ठासकट. मी पिशवीत हात घातला आणि बाहेर आला तो लंगोट. पिवळ्या बदकांचा. पिशवी घरची नि ऑफिसची एकच, आणि नमुना गुंडाळायला तेवढंच मऊ कापड हाताशी होतं. साहेबांनी डोळे मिटले.

बाईंनी लंगोट उलगडला, नमुना घट्ट धरला, ओले अंगठे काठावर दाबून पाहिले. काहीच उमटलं नाही. मग त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं. नावच उमटलं.

"यात वेगळं काय आहे?"

"काठावर एक तार जास्त आहे."

"ती काय करते?"

विद्युतभारावर बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "माझ्या सासूबाई आत्ता पलंगाच्या काठावर बसल्यात. करत काही नाहीत. पण मुलगी खाली पडत नाहीये."

बाईंनी नमुन्याच्या काठावरून अंगठा फिरवला. "आमच्याकडे कोणी नव्हतं बसायला," त्या म्हणाल्या. "मुलाच्या कपाळावर अजून खूण आहे. कड किती वाढते?"

"एक दशांश मिलिमीटर."

त्यांनी पेन मागितलं आणि मंजुरीवर सही केली.

बाईंना दारापर्यंत सोडून साहेब परत आले. "लंगोट स्वच्छ होता ना?"

"धुतलेला होता, सर."

"मग हरकत नाही." त्यांनी आराखडा ओढून तेविसाव्या तारेपुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'आजी. हलवू नये.' मग भिंग उचललं. "त्या बावीस जणींतून मात्र अर्धा मिलिमीटर निघेल. तुम्हीच बघा आता."

मी सहावा फोन लावला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं.

"तारेला आजी म्हणतात? आणि ती करते काय?"

"काही नाही, आई."

"काही नाही कसं?" त्या म्हणाल्या. "एकदा उठून बघू दे तिला."