अकरा वाजताचा फोटो

तेजस्वीने दोन बोटांनी फोटो ताणून मोठा केला आणि वरुणच्या डाव्या अंगठ्यावर आणून थांबवला. नख गुलाबी होतं.

फोटो नेहमीप्रमाणे बरोबर अकराला आला होता. निळ्या ठिपक्यांच्या शर्टातला वरुण, पुढ्यात रंगाची वाटी, आणि खाली त्याला दिवसभर सांभाळणाऱ्या अंजनाताईंची एक ओळ: आज बटाट्याचे ठसे. तेजस्वीने तो नेहमीप्रमाणे सासरच्या ग्रुपवर टाकला होता आणि पुण्याहून सासूबाईंचं गुलाबाचं फूलही येऊन गेलं होतं. बँकेत तिच्या टेबलावर कामाचा ढीग पडलेला असताना ती मुलाच्या नखाकडे बघत बसली.

समोरच्या फ्लॅटमधली उमैमा सात वर्षांची आणि भारी उद्योगी. अकरा दिवसांपूर्वी, शनिवारी संध्याकाळी, तिने वरुणच्या त्या एका नखाला नेलपॉलिश लावलं होतं. घरातलं रिमूव्हर संपलेलं, म्हणून रविवारी, म्हणजे इथे आखातात आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, ऑफिसमधून येताना नवी बाटली आणून तेजस्वीने स्वतः ते पुसलं होतं. त्या वासाने वैतागून वरुणने तिच्या पोटात लाथ घातली होती, तेव्हा विसरण्याचा प्रश्नच नव्हता. गुलाबी नख घेऊन तो अंजनाताईंकडे गेला होता तो एकच रविवार, आणि आज पुढच्या आठवड्याचा बुधवार होता.

तिने मागचे फोटो उघडले. काल पिवळा टी-शर्ट, ठोकळ्यांचा मनोरा. परवा हिरवा शर्ट, मणी ओवणं. त्याआधी पट्ट्यापट्ट्यांचा, त्याआधी हत्तीचा. शुक्रवार-शनिवारची सुट्टी सोडून नऊ दिवस, नऊ शर्ट आणि एकच गुलाबी नख. मागच्या खिडकीतलं ऊनसुद्धा सगळीकडे भिंतीच्या त्याच कोपऱ्यात पडलेलं. जादा कपड्यांची एक पिशवी तिने अंजनाताईंकडेच ठेवली होती, त्यामुळे सकाळी घातलेला शर्ट आणि फोटोतला शर्ट वेगळा असला तरी तिला कधी खटकलं नव्हतं. रंग सांडला असेल, बदलला असेल, असं म्हणून ती मोकळी व्हायची.

डोकं दुखतंय असं साहेबांना सांगून ती खाली आली आणि टॅक्सीत बसली. डोकं खरोखरच दुखायला लागलं होतं.

त्या फोटोंवर तिचं घर उभं होतं म्हटलं तरी चालेल. एवढ्याशा पोराला परक्या बाईच्या हवाली करू नये, तेजस्वीने नोकरी सोडावी नाहीतर वरुणला पुण्याला आणून सोडावं, असं सासूबाईंचं म्हणणं होतं, आणि ते त्या गोड आवाजात दर आठवड्याला म्हणत. त्याला तेजस्वीचं उत्तर म्हणजे अकरा वाजताचा फोटो. बघा, पोर शिकतंय, खेळतंय, चार मुलांत मिसळतंय. बोलत नव्हता, हे खरं. दोन वर्षं आठ महिने झाले तरी शब्द मोजून पाच. पण त्यावरही प्रत्येकाजवळ उत्तर तयार होतं. घरात मराठी, शेजारी उर्दू, टीव्हीवर इंग्रजी, पोराने धरायचं काय? आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सासूबाईंचं वाक्य: गंधारही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, काही अडलं का त्याचं?

अंजनाताई शोधल्या होत्या तिच्या नवऱ्याने, गंधारनेच. त्यांचे यजमान हरिदास मुहर्रकला त्याच्या हाताखाली एसीच्या देखभालीचं काम करत. मूळचं कुटुंब अकोल्याचं. पहिला आठवडाभर तेजस्वी स्वतः झिंज भागातल्या अंजनाताईंच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसली होती. अंजनाताई मुलांशी जमिनीवर बसून, डोळ्यांत बघून बोलतात, टीव्ही लावत नाहीत, भाजी निवडतानासुद्धा मोठी शेंग कुठली, लहान कुठली असं विचारतात, हे तिने पाहिलं होतं. आपल्याला माणूस मिळालं, असं ती गंधारला म्हणाली होती. तेव्हा ती डोळे झाकून विश्वासली होती, आणि आता त्याचीच तिला लाज वाटत होती.

दार अंजनाताईंनीच उघडलं. त्यांच्या हातात वाटाण्याच्या शेंगांचं ताट होतं. तेजस्वीला बघताच त्यांचा चेहरा उतरला.

आत सांभाळायला असलेल्या दुसऱ्या दोघी मुली, निधी आणि श्रेया, भातुकलीची भांडी मांडून बसल्या होत्या. वरुण त्यांच्यात नव्हता. तो न्हाणीघराच्या बोळात वॉशिंग मशीनला चिकटून उभा होता. मशीन चालू होतं आणि त्याने दोन्ही तळवे आणि गाल त्याच्या पत्र्यावर टेकवले होते.

"वरुण," तेजस्वीने हाक मारली. मग पुन्हा, मोठ्याने.

तो हलला नाही. मशीनचा आवाज आहे, तिने स्वतःला सांगितलं, आणि फोन अंजनाताईंसमोर धरला.

"हे सगळे एकाच दिवशी काढलेत ना?"

अंजनाताई एरवी मॅडमशी जपून, पुस्तकातलं बोलत. आज ते त्यांना जमेना.

"हो, मॅडम. त्या रविवारी. तो आता पोरींमध्ये बसत नाही. फोटोपुरता बसवाले अर्धा घंटा लागते. मंग एकाच दिवशी कपडे बदलून बदलून काढून ठेवले."

"मला फसवलंत तुम्ही."

 अंजनाताईंनी शेंगांचं ताट खाली ठेवलं, बोळात जाऊन मशीन बंद केलं. वरुणने हात काढून घेतले आणि खट्टू होऊन पत्र्याकडे बघत राहिला. अंजनाताईंनी भातुकलीतली एक स्टीलची थाळी आणि पळी उचलली, त्याच्या मागे दोन पावलांवर उभ्या राहिल्या आणि थाळीवर पळी हाणली.

निधीच्या हातातला कप पडला. श्रेयाने कानांवर हात ठेवले. वरुण मशीनच्या गोल काचेवर बोट फिरवत होता.

मग अंजनाताई खाली बसल्या आणि तळहाताने फरशीवर दोनदा थाप मारली. वरुण लगेच वळला आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघू लागला.

"मम्मा आली," त्या ओठ मोठे हलवत म्हणाल्या.

तो दाराकडे वळला, तेजस्वीला बघून हसला आणि धावत येऊन तिच्या गुडघ्यांना बिलगला. तेजस्वी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. 

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मी गंधार सायबांना तीन महिन्यांआधी सांगितलं, मॅडम. याच दारात. हाच थाळीचा प्रकार करून दाखवला."

पुढचं अंजनाताईंनी वाटाणे सोलत सोलत सांगितलं, मान वर न करता.  साहेब म्हणाले, मॅडमना एवढ्यात बोलू नका, त्या घाबरून नोकरी सोडतील, मी बघतो. पूर्वी अंजनाताई छोटे व्हिडिओ पाठवायच्या, ते त्यांनी बंद करायला सांगितले. व्हिडिओत तुम्ही त्याला हाका मारता ते ऐकू येतं, त्यापेक्षा फोटो पाठवा, रोज एक, छान दिसेल असा. इंटरनेट परवडत नाही असं सांगा. तेजस्वीला आठवलं, त्या इंटरनेटसाठी तिने जादा पैसे देऊ केले होते आणि अंजनाताईंनी ते घेतले नव्हते.

"आणि तुम्ही ऐकलंत."

"यांचा व्हिसा सायबांच्या सहीनं रिन्यू होते." अंजनाताईंनी एक शेंग उगाचच दोनदा उघडली. "तरी मी दोनदा विचारलं त्यांना, पोराले दाखवलं का म्हणून. ते म्हणाले, डॉक्टर आधी घरच्यांचंच खोदत बसतात. मंग मी आपलं माझ्या परीनं सुरू केलं. थाप मारायची, समोर बसायचं, तोंडाकडे बघायला लावायचं. आता बघतो तो. पण हे काही औषध नाही, मॅडम. त्याचे दिवस जाऊन राहिले."

तेजस्वीला त्यांचा राग आला होता, अगदी मनापासून आला होता, पण तो हातात धरून ठेवता येईना. या बाईने निदान वेळेवर सांगितलं तरी होतं. ज्याला सांगितलं तो रोज संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या विचारायचा, आज काय केलं आपल्या हिरोने, दाखव बघू. सिग्नलला थांबून फोटो हातात घ्यायचा. काल मनोऱ्याचा फोटो बघून म्हणाला होता, इंजिनिअर होणार हा.

परतीच्या टॅक्सीत वरुणला मांडीवर घेऊन तिने कानाच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडून सदफ नावाच्या मुलीने हिंदीतून सगळं विचारून घेतलं. वय, वजन, जन्माच्या वेळी काही त्रास? शनिवारी दहाची वेळ दिली. मग म्हणाली, "एक आखरी सवाल. फॅमिली में किसी को बचपन से सुनने की तकलीफ? आपकी साइड, या फादर की साइड?"

"नहीं," तेजस्वी म्हणाली. "किसी को नहीं."

फोन ठेवला, आणि टॅक्सी उम्म अल हस्समच्या वळणावर आली तेव्हा सासूबाईंचं ते वाक्य तिच्या कानात पुन्हा वाजलं. गंधारही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.

डॉक्टर आधी घरच्यांचंच खोदत बसतात.

ती पुढच्या चालकाच्या सीटकडे बघत राहिली. इथे गंधारला गाडी चालवायची केवढी हौस. तो डावीकडे स्टिअरिंगवर, ती त्याच्या उजव्या हाताला, आणि गप्पांना नुसता ऊत. घरात तो इतका कधी बोलत नसे. पुण्याला गेलं की मात्र किल्लीला हात लावायचा नाही. तिकडच्या बाजूची सवय मोडली म्हणायचा आणि भावाच्या गाडीत मागे डावीकडच्या खिडकीशी बसायचा. घरी सोफ्याचा डावा कोपरा त्याचा. पाहुणे आले तरी तो उठायचा नाही, आणि "गंधारची गादी" म्हणून सगळे त्याला चिडवायचे. तीही चिडवायची. सहा वर्षं चिडवत होती.

पाचला गंधार घरी आला. मला ऑफिसमधून घ्यायला येऊ नको, लवकर निघालेय, एवढंच तिने कळवलं होतं. त्याने बूट काढले, वरुणचे केस विस्कटले आणि पाण्याचा ग्लास घेऊन आपल्या कोपऱ्यात बसला. फोनवर काहीतरी वाचू लागला. वरुण समोर गालिच्यावर उमैमाचा जुना लाकडी ट्रक उलटा करून चाकं फिरवत होता.

तेजस्वी स्वयंपाकघरातून बाहेर आली. नेहमीसारखी पलीकडे जाऊन न बसता ती सोफ्याच्या डाव्या बाजूने, खिडकी आणि सोफा यांच्या मधल्या अरुंद जागेत शिरली. तिथे कुणी उभं राहत नसे. गंधारच्या खांद्यापासून हातभर अंतरावर, किंचित मागे ती थांबली. आपण हे का करतोय हे तिला ठाऊक होतं, आणि ते खोटं निघावं म्हणून तिचा जीव तुटत होता.

"गंधार," ती रोजच्या आवाजात म्हणाली. "मी आज झिंजला जाऊन आले."

त्याने फोनवरचं पान वर सरकवलं.

"अंजनाताईंनी सगळं सांगितलं मला."

गंधार वाचत होता. त्याने पाण्याचा एक घोट घेतला.

गालिच्यावरून वरुणने मान वर केली. आईचे ओठ हलताना त्याला दिसले होते. ट्रक बाजूला ठेवून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, थाप मारल्यावर अंजनाताईंकडे बघायचा तसा.

मुलगा कुठे बघतोय म्हणून गंधारने मागे वळून पाहिलं. बायकोला त्या बाजूला उभी बघून तो दचकला. लगेच हसला.

"काही म्हणालीस का?" त्याने विचारलं, आणि बसल्या जागी वळून उजवा कान तिच्याकडे केला.

हे वळणं तिने हजार वेळा पाहिलं असेल. प्रेमाने वळतो असं तिला वाटायचं.

ती सोफ्याला वळसा घालून आली, त्याच्या उजव्या हाताला, गाडीत बसायची तशी बसली. पदराशी खेळावं तसा ओढणीचा काठ तिने बोटांत धरला, मग सोडून दिला.

"शनिवारी दहाला वरुणच्या कानांची तपासणी आहे," ती मघाच्याच आवाजात म्हणाली. "घरात कुणाला कानाचा त्रास आहे का, विचारत होते. मी कुणाला नाही म्हणून सांगितलंय."

या वेळी त्याला सगळं ऐकू गेलं. ग्लास ठेवायला त्याने टीपॉयकडे हात नेला आणि तो तसाच धरून बसला.