रत्नाबाईच्या बाजूला ओढणारी करवत

मी एक जुनी पट्टा करवत आहे. मित्रांनो, लाकडाच्या वखारीत तुम्ही मला पाहिलं असेल. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. वखारीत मला सगळे बँडसॉ म्हणतात. पंजाबातल्या एका भट्टीत माझं अंग ओतलं गेलं आणि ट्रकमध्ये हिंदकळत मी मुळशीत आले, त्याला आता बावीस वर्षं झाली. भुकूमच्या पुढे, पौड रस्त्याला लागून आमची वखार आहे.

माझा मालक वाल्मीक. तो पुढून लाकूड रेटतो आणि त्याची बायको रत्नाबाई मागे, डाव्या अंगाला उभी राहून ते दाबून धरते, फळी ओढून घेते. नव्या फ्लॅटांमधली कितीतरी टेबलं माझ्या दातांखालून गेली आहेत. "आखलेली रेघ सोडत न्हाई ही," असं वाल्मीक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि मी मनातल्या मनात फुगायची.

कधीमधी माझा पट्टा रेघ सोडून एका अंगाला जातो, नाही असं नाही. पण त्याला कारण असतं. माझे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात. एका बाजूचे बोथट झाले की पट्टा धारदार बाजूला ओढतो. कधी ताण सैल पडतो, कधी रेटणाऱ्यालाच घाई असते. लोक मात्र लगेच लिंबू-मिरची घेऊन येतात. मला त्याचा फार राग येतो. लिंबाने दातांना गंज चढतो, बाकी काही होत नाही.

हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला भित्री म्हणाल.

गेल्या महिन्यात भरे गावाहून फणसाचा ओंडका आला, मधोमध उभा चिरून दोन भाग केलेला. वाल्मीकच्याच बांधावरचं झाड. जमीन विकली, तिथे बंगल्यांचा रस्ता होणार, म्हणून ते पाडलं. त्या सकाळी वाल्मीक बायकोला म्हणाला, "आज तू घरीच ऱ्हा. मी करतो एकटा." पण ऐकेल ती रत्नाबाई कसली. ती आलीच.

पहिल्याच फळीला पट्टा डावीकडे गेला. डावीकडे रत्नाबाई उभी होती. वाल्मीकने ताण वाढवला. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी आवरणारे गाईड सारखे केले, दातांत अडकलेला फणसाचा चीक खरवडला, शेवटी नवाकोरा पट्टा चढवला. सागाचा तुकडा कापून पाहिला, तो अगदी सरळ. फणस लावला, पुन्हा डावीकडे. वाल्मीकच्या कपाळावर घाम फुटला. मला वाटलं, उकडतंय.

त्याच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या रत्नाबाईला झटके यायचे. सासूने देवऋषी बोलावला. ती बेशुद्ध असताना त्याने तिचे केस उपटले, एका खिळ्याला गुंडाळले आणि तो खिळा त्या फणसात ठोकला. बाधा झाडात खिळली, खिळा निघाला तर ती परत येईल, असं बजावून गेला. पुढे सालीने खिळा गिळून टाकला. तो कुठे आहे हे वाल्मीकलाही आठवत नव्हतं आणि बायकोला सांगायची छाती नव्हती.

तशाच वाकड्या फळ्या काढत शेवटी पहिल्या भागाचा चार बोटं जाडीचा तुकडा उरला. रत्नाबाईने नेहमीसारखा तो डाव्या अंगाने तळव्याने दाबून धरला. आत पट्टा वळला. बाहेरून कुणाला दिसत नव्हतं, पण मला कळत होतं. दोन बोटं लाकूड उरलं, मग एक, मग अर्धं, आणि पलीकडे तिचा तळवा. मला स्वतःहून थांबता येत नाही, मित्रांनो. मी फार भ्याले.

तेवढ्यात दात लोखंडाला लागले. ठिणगी उडाली आणि पट्टा ताडकन तुटला. रत्नाबाईने हात मागे घेतला. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

वाल्मीकने पटाशीने फट उघडली. पिवळ्या लाकडात काळानिळा डाग, मधे गंजका खिळा आणि त्याला गुंडाळलेले केस. काळेभोर. रत्नाबाईचं डोकं तर केव्हाच पिकलं आहे.

"काय हाय हे?" तिने विचारलं.

वाल्मीकने मान खाली घालून सगळं सांगितलं. "ह्याच्यामुळंच तू बरी हायेस. काढू नगंस."

"आन तीस वर्सं पौडच्या दवाखान्यातल्या गोळ्या खातीया, त्या कशाला?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "इचारायचं तरी हुतं मला. केस माजं हुतं." तिने पकड घेतली आणि खिळा उपटून काढला.

त्या दिवशी मला ती फार आवडली. खिळ्याभोवती लाकूड वेडंवाकडं वाढतं, म्हणून पट्टा वळला, अशी मीही माझी समजूत घातली.

पण ओंडक्याचा दुसरा भाग राहिला होता. वाल्मीकने त्यावरून लोहचुंबक फिरवला, आत लोखंड नव्हतं. नवा पट्टा चढवला. तो रत्नाबाईकडे ओढला. "तू उजवीकडं हो," वाल्मीक म्हणाला. ती उजवीकडे आली, पट्टा उजवीकडे ओढला. ती पाणी प्यायला बाहेर गेली, तेव्हा वीतभर सरळ गेला. माझ्या दातांत काही खोट नव्हती. ओढत होतं ते मी नव्हते.

वाल्मीकने तो भाग भिंतीला टेकवून ठेवला आहे. रत्नाबाईला ते पटत नाही. "लाकडाला भिऊन वखार चालतीया व्हय? उद्या सकाळी लावा, मी धरते," असं ती आज जाताना म्हणाली.

मित्रांनो, तेलपाणी करा, दात धारदार ठेवा, असं मला तुम्हाला सांगायचं होतं. ते राहू द्या. उद्या सकाळी तुमच्यापैकी कुणी पौड रस्त्याने जाणार असेल, तर आमच्या वखारीत शिरा. दारामागे लाल मेन स्विच आहे. काही विचारत बसू नका, तो खाली ओढा. ती चिडेल, चिडू द्या.