भिंतीवरचा डोळा

पिशवीत सातवा पाव होता. सहा मागितले होते, सहाच तराजूत पडले होते, आणि काटा स्थिर झाल्यावर, पिशवीचं तोंड मुडपता मुडपता बेकरीवाल्याने हा सातवा अलगद आत सोडला होता – अजून गरम, मधोमध चीर गेलेला, अंगावर पिठाची भुकटी – आणि सोडताना नेहमीसारखा डावा डोळा मिचकावला होता. "आमच्याकडून, उस्ताद." रोहेलियो सानवेसाने मान हलवली. बत्तीस वर्षं तो ही मान हलवत आला होता. ती हो म्हणते की नाही हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि विचारण्याइतकी अक्कल कुणाला होती? या बेकरीवाल्याचा बाप असाच डोळा मिचकावायचा. बाप गेला, दुकान मुलाकडे आलं आणि दुकानाबरोबर तो डोळाही आला. त्या सामन्याच्या वेळी हा चार वर्षांचा होता, शेंबूड पुसता येत नव्हता, पण उपकार मात्र बापाच्या वतीने फेडतोय... मूर्ख. बापही मूर्खच होता, पण त्याचे पाव बरे असत.

धक्क्यावर समुद्रसिंह पसरले होते. जाळ्यातली टाकाऊ मासळी आयती तोंडात पडते म्हणून पाण्यात उतरायचं विसरलेले, ढेरपोटे, घाण वासाचे प्राणी. या ताल्कावानो बंदरात पाहुणे आले की त्यांचेच फोटो काढतात. त्याला त्यांचा तिटकारा होता. का होता याचा त्याने कधी विचार केला नव्हता – म्हणजे केला होता, आणि मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन भराभरा पुढे गेला होता.

गोष्ट गावाला पाठ होती. एक्क्याण्णव सालचा नोव्हेंबर. इथल्या मारितिमो क्लबला वरच्या विभागात चढायला एक गोल हवा होता. समोर आंगोलचा संघ, आणि आंगोलच्या बचावफळीच्या मधोमध उभा होता याच बंदराच्या चढावर वाढलेला, अकरा वर्षं मारितिमोकडून खेळलेला आणि एकतिसाव्या वर्षी 'आता पाय जड झाले' म्हणून वाटेला लावलेला रोहेलियो. त्याला सगळे 'कपाट' म्हणत, कारण त्याला ओलांडून कुणी जात नसे. सत्त्याऐंशीवं मिनिट. व्लादिमिर सिस्तेर्नास चेंडू घेऊन आला. एकोणीस वर्षांचा, काडीसारखे पाय. कपाट जमिनीवर बसलं. गोल. गाव वर चढलं, आणि लोक घरी पोचायच्या आतच कुणीतरी म्हणालं – कपाट कधी असं पडतं का? आपलाच माणूस तो. त्यानेच वाट करून दिली.

झालं. एवढ्यावर बत्तीस वर्षं चालली.

आंगोलच्या प्रशिक्षकाने कपड्यांच्या खोलीत विचारलं होतं, "घसरलास की बसलास?" तेव्हा गवत ओलं होतं असं सांगता आलं असतं. पण नाचता येईना अंगण वाकडं – तेही इतक्या माणसांसमोर? मग राहिली दोनच उत्तरं. एक, मी विकला गेलो. दुसरं... दुसरं उत्तर घशाच्या खाली अडकलं ते अडकलंच. त्याने मिठाची गुळणी धरली. आंगोलने त्याला हाकललं, ताल्कावानोने उचलून धरलं, मैदानाची देखभाल करायचं काम दिलं, आणि तो गवत कापत, चुन्याच्या रेषा मारत, लोकांचे डोळे झेलत म्हातारा झाला. हे लोक त्याला लबाड समजत होते, आणि लबाड समजून त्याच्यावर प्रेम करत होते. अशा प्रेमाला काय किंमत द्यायची? कवडीची. कवडीचीही नाही. पण नको म्हणायचं तर ते दुसरं उत्तर तोंडातून काढावं लागणार होतं.

घरी त्याची बायको मिर्ता हिने पाव फोडून त्यावर अवोकाडो दाबला, वर मीठ टाकलं, बशी पुढे सरकवली. चहा झाला होता. खिडकीतून मासळीच्या पिठाच्या कारखान्याचा वास येत होता, म्हणजे वारा उत्तरेचा होता.

"भिंत पाहिलीस?" ती म्हणाली.

"कसली भिंत?"

"क्लबची. मैदानाबाहेरची. रंगवतायत ना ती – क्लबला शंभर वर्षं झाली म्हणून. सिस्तेर्नासचा गोल काढलाय. हा एवढा थोरला." तिने हात पसरले. "शनिवारी तो येणार आहे, उद्घाटनाला."

"येऊ दे. मला काय त्याचं?"

"तूही आहेस त्यात. खाली." तिने चहाचा घोट घेतला. "डोळा मिचकावतोयस."

ती अवोकाडोची बी सुरीच्या टोकाने कचऱ्यात ढकलत होती, जणू आज भाजीला काय हे सांगितलं होतं. तीही त्या दिवशी प्रेक्षकांत होती. या बत्तीस वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं, आणि तिच्या या न विचारण्याला तो मोठेपणा म्हणत आला होता; आज पहिल्यांदाच त्याला वाटलं की कदाचित तिला विचारायची गरजच पडली नसेल.

"जाऊन बघ तरी, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "नाक बरं काढलंय."

चढ उतरताना गुडघा कुरकुरत होता. सगळे क्लब धरून सतरा वर्षं, चारशे बारा सामने. आकडा त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, कारण बचावपटूचे सामने मोजतो कोण? आघाडीवाल्याचे गोल मोजतात. न झालेले गोल कोण मोजणार... आणि तीच तर माझी सगळी कमाई, मी न होऊ दिलेले गोल, सामन्याला तीन-तीन, चार-चार, ज्यांचं रेडिओवर कुणी नाव घेतलं नाही, कारण जे घडलंच नाही त्यावर ओरडणार कसं? आघाडीवाला म्हणजे काय – नव्वदातली एकोणनव्वद मिनिटं कंबरेवर हात ठेवून उभं राहायचं, केस सारखे करायचे, आणि एका मिनिटासाठी गावाने खांद्यावर घ्यायचं. आयत्या बिळावर नागोबा. त्याने असे शेकडो जिरवले होते. त्यांच्या घामाला कसला वास येतो, कुणाला उजव्या खांद्यावरून वळायची खोड आहे, कोण धक्का लागायच्या आधीच किंचाळतो, सगळं त्याला पाठ होतं, आणि त्या ज्ञानाने त्याच्या मनात कुणाबद्दल आदर म्हणून उरला नव्हता.

आणि सिस्तेर्नास. सिस्तेर्नास आता सान्तियागोत टीव्हीवर बसून उंटावरून शेळ्या हाकतो. गालांना पावडर, बोटात अंगठी, वर्षातून एकदा नोव्हेंबरात त्या गोलाची चित्रफीत लावतात, आणि तो हसून म्हणतो, "कपाट माझा मित्र होता." मित्र! आयुष्यात दोन वाक्यं बोललो असेन त्याच्याशी, त्यातलं एक शिवी होतं. पण तोही ते सरळ सांगत नाही. तोही तसाच हसतो, गाव हसतं तसा. म्हणजे स्वतःच्या गोलावर त्याचाही भरवसा नाही... हा विचार मध्येच आला आणि रोहेलियो कोपऱ्यावर थांबला. दम लागला होता म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं.

भिंत खरंच थोरली होती. परांचीवर एक मुलगी बसली होती, डोक्याला फडकं, पायात दोन वेगळे मोजे. खाली क्लबचा अध्यक्ष कुस्तोदिओ हात मागे बांधून उभा. हा एक्क्याण्णवच्या मारितिमो संघातला राखीव गोलरक्षक. साऱ्या कारकिर्दीत त्याने बाकडं तेवढं तापवलं होतं.

"आलास, कपाटा! बघ, बघ. कसं जमलंय?"

सिस्तेर्नास दोन माणसांच्या उंचीचा होता, पाय होते त्याच्या तिप्पट जाड. आणि त्याच्या बुटाखाली, कोपऱ्यात, आंगोलच्या शर्टात, बसलेला मी. एक हात जमिनीवर टेकलेला. डावा डोळा मिटलेला, तोंडाचा कोपरा वर. बेकरीवाल्यासारखा. अगदी त्या शेंबड्यासारखा.

"डोळा काढून टाक," रोहेलियो म्हणाला.

"अरे, तीच तर गंमत आहे." कुस्तोदिओने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "नुसता गोल काय, कुणाच्याही भिंतीवर असतो. गावाला आपला माणूस हवा. पोरं येतील, विचारतील, हा खाली कोण? मग आपण सांगू. तू काय फुकट पडलास का?"

"मी सांगतो, काढ."

"मग तूच सांग ना काय झालं होतं." कुस्तोदिओ हसला. आणि त्याने डोळा मिचकावला. "सांग की. एवढ्या वर्षांत बोलला नाहीस, आता भिंतीला लाजतोस होय? जाऊ दे. शनिवारी कोट घालून ये." घड्याळ बघून तो मैदानाच्या फाटकातून आत गेला, त्याची थोराड पाठ हलत हलत दिसेनाशी झाली, आणि रोहेलियोला वाटलं, या माणसाचा राग यावा एवढीही याची योग्यता नाही, पण राग आला होता, कानापर्यंत.

"काका," वरून मुलगी म्हणाली, "तुम्हीच ना तो? खालचा?"

खालचा.

"मी मियाराय. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही हं. फोटोत तुमचा नुसता एक पाय आहे. बाकी अध्यक्षांनी सांगितलं तसं काढलं."

"पायही चुकलाय."

"कसा?"

"डावा पाय असा नसतो. असा पाय ठेवला तर माणूस पडणारच नाही. आणि हात... हात कोण टेकवतो? ठरवून बसणारा माणूस आधी हात टेकवतो. माझे हात वर होते."

"वर म्हणजे? दाखवा ना."

तिने कुतूहलाने विचारलं होतं, एखाद्या सुताराला सांधा कसा बसतो हे विचारावं तसं, आणि कदाचित म्हणूनच, इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं म्हणूनच, तो गुडघ्यावर हात देत, भिंतीला खांदा लावत, हळूहळू फूटपाथवर खाली बसला. सिमेंट गार होतं. डावा पाय त्याने उजव्याखाली मुडपला, कंबर वळवली, हात कानांच्या वर नेले. समोरून मासळीची टोपली घेऊन चाललेला एक कोळी थबकला. "काय उस्ताद, परत?" तो म्हणाला आणि हसत पुढे गेला. तोही गाढवच. सगळेच... पण आत्ता त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता, कारण कंबर बरोबर वळली होती, आणि कंबर वळल्याबरोबर बाकीचंही येऊ लागलं होतं.

मी त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत होतो. तिकडे तो जाणारच होता, सगळे जातात, तिकडे रेषा असते आणि रेषा माझ्या बाजूने खेळते. त्याने खांदा टाकला. मी त्या खांद्याला फसलो नाही, मी खांद्यांना फसत नसे. फसलो ते तो थांबला म्हणून. धावता धावता, सत्त्याऐंशीव्या मिनिटाला, सगळं गाव ओरडत असताना ते एकोणीस वर्षांचं पोरगं थांबलं. अर्धा श्वास. चेंडूवर पायाचा तळवा ठेवून. एवढा धीर कुणाकडे असतो? माझं शरीर पुढे गेलं, माझे पाय मागे राहिले...

"म्हणजे मुद्दाम नव्हतं ते?" मियाराय खाली उतरून त्याच्यासमोर उकिडवी बसली होती, वहीत पाय काढत.

"नाही."

"मग?"

रस्त्यावर कुणी नव्हतं. कुणी नाही ते बरं, असं त्याला पूर्वी वाटलं असतं.

"त्याने चकवलं मला," रोहेलियो म्हणाला. "स्वच्छ चकवलं."

आकाश कोसळलं नाही. मुलगी "बरं" म्हणाली, वहीचं पान उलटलं, आणि "मग डोळे दोन्ही उघडे ना?" असं विचारून उत्तराची वाट न बघता रंग कालवायला लागली. बत्तीस वर्षं घशाखाली धरलेली गोष्ट, आणि तिला त्याचं काडीचं मोल नव्हतं. तिचाही तिरस्कार यावा म्हणून तो क्षणभर थांबला. आला नाही.

तिने आधी टेकलेला हात पुसून वर गेलेले हात आणि मुडपलेला पाय आखला, मग मिटलेली पापणी पुसली. मग पांढरा रंग, मग काळा ठिपका, मग ठिपक्यात एक बारीक उजेड. तोंडाचा वर गेलेला कोपरा तिने तसाच ठेवला. डोळे उघडल्यावर ते हसू लबाडीचं राहिलंच नाही. भिंतीवरचा माणूस वर बघत होता. त्या पोराकडे. हात वर, तोंड किंचित उघडं... आणि रोहेलियो चमकला, कारण ते त्याने मुलीला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळं गाव ओरडायच्या आधी, चेंडू जाळीत जायच्याही आधी, ओल्या गवतावर बसल्या बसल्या त्याच्या तोंडून एक शब्द निघाला होता. वा.

शत्रूला. मला वाटेला लावणाऱ्या क्लबच्या, मला गावासमोर ढुंगणावर बसवणाऱ्या पोराला. पडण्याची लाज नव्हती ती. पडणं मी पचवलं असतं. तो एक शब्द माझ्याकडून निघाला, चारशे बारा सामन्यांत कुणालाही न दिलेला, तो झाकायला मी एवढ्यांना मूर्ख ठरवत बसलो...

शनिवारी सिस्तेर्नास येईल, कुस्तोदिओ आरडाओरडा करेल, डोळा पुन्हा मिटवायला लावेल किंवा नाही लावणार. बेकरीवाल्याला काय सांगायचं? मिर्ताला सांगायचं की तिला ठाऊकच आहे? त्याने सवयीने ओठ मुरडून पाहिला. पण मूर्ख ठरवायला कुणीच सापडेना.

"हात देऊ का काका? गार आहे खाली," मियाराय म्हणाली.

"थांब जरा."

सामन्याला दहा हजार माणसं होती, पण ती सगळी लांब होती, वर होती, कडेला होती. सिस्तेर्नास थांबला तेव्हा कसा दिसत होता, चेंडूवर तळवा, मान ताठ, चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही, हे इथून, अगदी त्याच्या पायांपाशी, फक्त एकाच माणसाला दिसलं होतं. रोहेलियो मान वर करून बघत राहिला.