डावीकडे खरं, उजवीकडे नाटक

केमो संपली, डोक्यावरचे केस परत आले, पण डोक्यातलं सगळं काही परत आलं नाही. छातीच्या कॅन्सरवरची ती औषधं काहीजणींची आठवणही पातळ करून जातात, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर विसराळू म्हणून नाव आधीच कमावून ठेवलं असतं.

ते मी मागाहून कमावलं. नणंद सिंधुताई दर रविवारी सिन्नरहून यायच्या.

"लता, मटण करणार होतीस ना?"

मी कपाळावर हात मारायची. "अगंबाई, विसरलेच! केमो हो, ताई!"

मग ताईच पदर खोचायच्या. 'लताबाईंचं नाटक' म्हणून कॉलनीभर हसू व्हायचं. मला तेच हवं होतं. खोट्या विसरण्याच्या गर्दीत खरं विसरणं लपून जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

खऱ्याची मात्र मला भीती वाटायची. वीस वर्षं चौथीला शिकवलेली बाई मी, आणि सतराचा पाढा सहाव्या ठिकाणी अडायचा. हेडबाई म्हणत होत्या, जूनपासून ऑफिसात बसा, कागद लावा. मला कागद नको होते, वर्ग हवा होता. तो मिळणार की नाही, हे मोहिनी मॅडमच्या चिठ्ठीवर होतं. त्या दवाखान्यात माझ्याकडून डोक्याचे व्यायाम करून घ्यायच्या. चित्रं लक्षात ठेवा, याद्या म्हणा. शिवाय मी रोज काय विसरले, ते घरच्यांनी वहीत लिहायचं.

घरचे म्हणजे आमचे हे, सावळीराम. मनमाडला रेल्वेत गाड्यांच्या वेळा लिहिता लिहिता रिटायर झालेले. त्यांच्यासमोर मी रोज दोन-तीन ठसठशीत नाटकं करायची. ते मान डोलवून लिहून घ्यायचे. मला वाटलं, फसले.

मे महिन्यात आम्ही दोघं दवाखान्यात गेलो, तेव्हा मॅडमनी वही उघडली. समोर बसून उलटं वाचायची सवय मास्तरणीला असतेच. पानाच्या मधोमध रेघ होती. डावीकडे 'खरं', उजवीकडे 'नाटक'.

उजवीकडे: 'रविवार, ११.४०. मटण. सिंधू आली म्हणून.'

डावीकडे: 'मंगळवार, ६.१०. गॅस चालू राहिला. बंद केला. लताला बोललो नाही.'

असा गॅस सात वेळा होता. मला रडूच फुटलं.

"अहो, सांगितलं का नाही?"

"तू एवढ्या मेहनतीनं लपवत होतीस," हे म्हणाले. "मोडवेना."

मॅडम हसत होत्या. "रोज नवं नाटक सुचतं, म्हणजे डोकं चालू आहे. पण लपवायला जेवढी ताकद लावता, तेवढी व्यायामाला लावा. वर्गावर जा, सध्या सकाळचे दोनच तास. आणि अडलं, तर अडलं म्हणा."

जूनमध्ये सतराचा पाढा सहाव्या ठिकाणी अडलाच. चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. खोकला काढावा, असं एकदा मनात आलं.

"बाई विसरल्या," मी म्हणाले.

"एकशे दोन!" अख्खा वर्ग ओरडला. बाईंना आपण शिकवलं याचा त्यांना इतका आनंद झाला, की पुढचा पाढा त्यांनी मला म्हणूच दिला नाही.

घरी आल्यावर वही मी स्वतःच ओढली आणि डावीकडे लिहिलं, 'सतरा सहा. वर्गात सांगून टाकलं.'

रविवारी सिंधुताई आल्या. हे उजवीकडे ११.४० टाकून, पेन उघडून तयारच बसले होते.